अकरा ओळींवरचा डोलारा

प्रोग्रॅमर एकत्र आले की त्यांच्या थट्टेचा रोख बहुतेक वेळा स्वतःच्याच धंद्यावर असतो. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे हिंजवडीत म्हटले जाते तसेच सिलिकॉन व्हॅलीतही. शुक्रवारी चालू सर्व्हरवर नवा कोड चढवू नये, हे नवशिक्याला पहिल्याच महिन्यात हसत हसत सांगितले जाते. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात ‘नोड मॉड्यूल्स’ नावाचा एक फोल्डर असतो आणि त्यात इतरांनी लिहिलेली शेकडो, कधी हजारो पॅकेजे साठतात. विश्वातली सर्वांत जड वस्तू कृष्णविवर नसून हा फोल्डर आहे, असे एक चित्र या वर्तुळात वर्षानुवर्षे फिरते आहे. संख्या सम आहे का हे सांगणारे ‘इझ-ईव्हन’ नावाचे पॅकेज संख्या विषम आहे का हे सांगणाऱ्या ‘इझ-ऑड’वर विसंबते आणि ते पुन्हा तिसऱ्या एका पॅकेजवर. ही शेवटची गोष्ट रचलेली नाही. अशी पॅकेजे खरोखर आहेत आणि ती खरोखर वापरली गेली आहेत. बाहेरच्या माणसाला हे सारे फावल्या वेळचे टवाळखोर बोलणे वाटेल. पण यातला एकेक विनोद उलगडून पाहिला तर त्याखाली नेमका, घडून गेलेला बिघाड सापडतो. सॉफ्टवेअरच्या दुखण्याचे निदान कामावरच्या माणसांनी कधीच करून ठेवले आहे. उपचार रखडला आहे, कारण पैसा आणि वेळापत्रक ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यापर्यंत ते निदान विनोद म्हणूनच पोहोचते आणि तिथेच थांबते.

कोणताही प्रोग्रॅम कोणी एकटा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लिहीत नाही. तारीख दाखवणे, फाइल दाबून लहान करणे, पासवर्ड सुरक्षित ठेवणे अशी कामे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. तो तयार कोड म्हणजे लायब्ररी किंवा पॅकेज, आणि त्याच्यावर विसंबणे म्हणजे डिपेन्डन्सी. जावास्क्रिप्टची अशी पॅकेजे ‘एनपीएम’ या सार्वजनिक भांडारातून येतात. तिथे ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे ११ ओळींचे एक पॅकेज होते. त्याचे काम एवढेच, की मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरून त्याची लांबी ठरावीक करायची. ७ हा आकडा तीन घरांत बसवायचा तर ००७ करून द्यायचा. त्याचे लेखक अझेर कोचुलू यांच्या दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावर ‘किक’ या मेसेजिंग कंपनीने हक्क सांगितला, एनपीएमने कंपनीची बाजू घेतली आणि कोचुलू यांनी २२ मार्च २०१६ रोजी आपली सगळी, म्हणजे अडीचशेहून अधिक पॅकेजे काढून घेतली. पुढच्या काही मिनिटांत जगभर बिल्ड (सुटे कोड जुळवून प्रोग्रॅम तयार करण्याचे काम) तुटू लागले. ज्यांनी लेफ्ट-पॅडचे नावही ऐकले नव्हते, त्यांचेही तुटले. ‘बेबल’सारखी सर्वत्र वापरली जाणारी साधने त्याच्यावर विसंबली होती आणि बेबलवर हजारो प्रकल्प. एका प्रोग्रॅमरने दहा मिनिटांत तसाच कोड त्याच नावाने पुन्हा चढवला, तरी घोळ मिटला नाही. त्याने व्हर्जनचा क्रमांक १.०.० दिला होता आणि साखळीतली पॅकेजे ०.०.३ हेच व्हर्जन मागत होती. शेवटी सुमारे दोन तासांनी एनपीएमने मूळ व्हर्जन आपल्या साठ्यातून परत आणले.

या प्रसंगानंतर जो आक्षेप घेतला गेला, तो आजही ऐकू येतो. अकरा ओळी स्वतः लिहिता येत नाहीत, तर हे प्रोग्रॅमर कसले? सगळे आपले आपण लिहावे म्हणजे कोणावर विसंबायला नको. आक्षेपात तथ्य आहे, पण ते छोट्या पॅकेजांपुरते. लेफ्ट-पॅडचे काम मुळात भाषेतच असायला हवे होते, आणि २०१७च्या जावास्क्रिप्टमध्ये ‘पॅड-स्टार्ट’ नावाने ते आले. इतकी साधी सोय भाषेत नसल्यामुळेच लोक बाहेरचा कोड आणत होते. मात्र हा उपाय मोठ्या कामांना लावता येत नाही. सांकेतिक लेखनाचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा कोड स्वतः लिहू नये, हा या व्यवसायातला सर्वमान्य धडा आहे. तिथली चूक वापरताना दिसत नाही. हल्लेखोराला मात्र ती दिसते. शिवाय आज जे सॉफ्टवेअर आपल्याला फुकट किंवा स्वस्त मिळते, ते अशा वाटून घेतलेल्या कोडमुळेच शक्य झाले आहे.

मराठी वाचकाला हे त्याच्याच लिपीत पाहता येईल. संगणकात ‘ज्ञ’ हे एक अक्षर म्हणून साठवलेले नसते. ज, हलन्त आणि ञ असे तीन संकेत एकापुढे एक ठेवलेले असतात. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी क नंतर साठवली जाते, पण दिसते क च्या आधी. ‘अर्क’मधला र साठवणीत क च्या आधी असतो आणि पडद्यावर रफार होऊन त्याच्या डोक्यावर बसतो. हे संकेत वाचून कुठला आकार कुठे काढायचा, हे ठरवण्याचे काम ‘हार्फबझ’ नावाची मुक्त लायब्ररी करते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या सर्वांत ती आहे, आणि तिचा भार वाहणारी माणसे मोजकी आहेत. हे काम स्वतः करणाऱ्या कंपन्याही आहेत. ॲपलची स्वतःची व्यवस्था आहे. तरी फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतला ‘ज्ञा’, मध्ये एक अदृश्य चिन्ह ठेवून, आयफोनवर पाठवला की तो दाखवू पाहणारे ॲप कोसळत होते. काही वेळा फोनचा मुख्य पडदाही बंद पडून पुन्हा सुरू होत होता. ॲपलला आयओएस ११.२.६ काढून ते दुरुस्त करावे लागले. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने स्वतःच्या हाताने लिहिलेला कोड एका जोडाक्षराने पाडला. तेव्हा ‘सगळे आपले आपण लिहा’ हे उत्तर पुरेसे नाही. कोड कोणी लिहिला, याइतकाच तो पुढे कोण सांभाळतो हाही प्रश्न आहे.

हाच प्रश्न रँडल मन्रो यांनी २०२० साली ‘एक्सकेसीडी’ या आपल्या व्यंगचित्रमालेत मांडला. ठोकळ्यांचा एक उंच, वेडावाकडा डोलारा आहे; तो म्हणजे आजची सगळी डिजिटल व्यवस्था. तळाशी एका बारीक ठोकळ्यावर त्याचा बराचसा तोल आहे, आणि तो ठोकळा नेब्रास्कातला कोणी अनामिक माणूस २००३ पासून, कोणी आभारही न मानता, सांभाळतो आहे. हे चित्र इतके पसरले याचे कारण त्यातली गोष्ट प्रत्येक प्रोग्रॅमरने आधीच पाहिली होती. वेबवरचा बँकव्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मधला ‘हार्टब्लीड’ दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. संपर्क चालू आहे का हे तपासण्यासाठी एक बाजू काही मजकूर पाठवते, त्याची लांबी सांगते आणि समोरच्याने तो जसाच्या तसा परत करायचा, अशी सोय त्यात होती. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे सर्व्हर पाहतच नव्हता. पाच अक्षरे पाठवून लांबी हजारोंची सांगितली, तर तो शेजारच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर उचलून देत असे, आणि त्यात पासवर्ड व गुप्त किल्ल्याही असू शकत. वेबचा मोठा भाग ज्या कोडवर कुलूप लावत होता, त्याच्या फाउंडेशनला तोवर वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत दोष सापडला, तेव्हाही रात्री जागून दुरुस्ती करणारे बहुतांशी स्वयंसेवकच होते.

विनोदांचा दुसरा मोठा झरा ऑपरेटिंग सिस्टीममधल्या चमत्कारिक सोयींतून वाहतो. विंडोजमध्ये ‘कॉन’ नावाचा फोल्डर तयार होत नाही. हा शोध एका भारतीयाने लावला असून खुद्द मायक्रोसॉफ्टलाही त्याचे कारण माहीत नाही, अशी ईमेल आपल्याकडे वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली. कारण पक्के माहीत आहे. विंडोजच्या आधीच्या ‘डॉस’ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १९८१च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच. कीबोर्ड-पडद्याला ‘कॉन’, प्रिंटरला ‘पीआरएन’ अशी नावे राखून ठेवली होती. फाइल म्हणून त्या नावावर लिहिले की मजकूर त्या यंत्राकडे जाई. १९८३च्या डॉस २.० मध्ये फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरात राखीव राहिली. चाळीस वर्षांनंतरही ती पुरती सुटलेली नाहीत. ‘सिमसिटी’ हा खेळ मेमरीचा तुकडा परत केल्यावर लगेच पुन्हा तोच वाचत असे. आधीच्या व्यवस्थेत हे खपून जाई, विंडोज ९५ मध्ये खेळ कोसळू लागला. मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी काय केले? सिमसिटी चालू आहे हे ओळखून मेमरीची वागणूक बदलणारा खास कोड ऑपरेटिंग सिस्टीममध्येच घातला. वापरणारे पुरेसे वाढले, की सॉफ्टवेअरच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागणुकीवर, अगदी दोषावरसुद्धा, कोणी ना कोणी विसंबतेच. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. मन्रो यांच्या आणखी एका चित्रात स्पेस बार दाबून ठेवल्यावर संगणक तापण्याचा दोष दुरुस्त होतो आणि एक माणूस तक्रार करतो, की माझी कामाची पद्धत त्या तापण्यावरच बेतलेली होती. सिमसिटीची हकीकत या कल्पित तक्रारीपेक्षा फारशी वेगळी नाही.

हे दोन्ही झरे २०२४ साली एका ठिकाणी मिळाले. लिनक्समध्ये यंत्र चालू होताना कोणती सेवा कधी सुरू करायची हे ‘सिस्टमडी’ पाहते. २०१० साली ती आली तेव्हापासून ती हळूहळू सगळेच काम पोटात घालणार, असे विनोद तिच्यावर होत आले आहेत. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी वापरला जाणारा ‘ओपनएसएसएच’ तिला ‘मी तयार आहे’ एवढा निरोप देऊ शकावा, म्हणून डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांनी आपापल्या आवृत्तीत त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली. त्या लायब्ररीला फाइली दाबण्यासाठी ‘एक्सझेड’ची लायब्ररी लागत होती. अशा रीतीने सर्व्हरच्या मुख्य दाराशी, त्या दाराशी काहीच संबंध नसलेला फाइल दाबणारा कोड येऊन बसला. तो सांभाळणारे फिनलंडमधले गृहस्थ हे काम बिनपगारी छंद म्हणून करत होते. ‘जिया टान’ नावाने कोणीतरी २०२१ पासून त्यांना मदत करू लागले. इतर नावांनी, काम संथ चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या, असा तगादा लावला गेला. आणि दोनेक वर्षांत विश्वास कमावून त्या ‘मदतनिसा’ने ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत चोरदरवाजा ठेवला. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे पोस्टग्रेस डेटाबेसचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड वेगळ्याच मोजणीत गुंतले असताना त्यांना दिसले, की सर्व्हरमध्ये शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. ते या धाग्यामागे गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारा प्रकार जाहीर केला. तोवर ही व्हर्जने मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचली होती.

यावर कोणी म्हणेल, की मग व्यवस्था चालते आहे. कोड खुला होता म्हणूनच चोरी पकडली गेली. खुलेपणाचा वाटा मोठा आहे, हे मान्यच करायला हवे. बंद कोडमध्ये फ्रॉइंड यांना धागा दिसला असता, पण त्याचे दुसरे टोक सापडणे फार अवघड झाले असते. तरीही या निष्कर्षात धोका आहे. ती चोरी पकडण्यासाठी कोणी पहाऱ्यावर नव्हते. अर्ध्या सेकंदाचा फरक ज्याला खुपतो असा एक माणूस योग्य वेळी योग्य यंत्रापाशी होता, एवढेच घडले. अनेक डोळे असले की दोष दिसतात, ही मुक्त सॉफ्टवेअरमधली जुनी श्रद्धा आहे. पण हार्टब्लीडचा दोष सुमारे दोन वर्षे सर्वांच्या समोर उघडा होता. डोळे असून चालत नाही. त्यांना पाहण्यासाठी वेळ आणि मोबदला लागतो. या प्रकरणातून घेण्यासारखा धडा ओपनएसएसएचने त्याच वर्षी घेतला. तो एक निरोप देण्यासाठी लागणारा थोडासा कोड त्यांनी स्वतःच लिहिला आणि मधली साखळीच काढून टाकली. स्वतः केव्हा लिहावे आणि दुसऱ्याचे केव्हा घ्यावे, याचे तारतम्य ते हेच.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या वरिष्ठांकडून येतो. फुकटच्या कोडवर विसंबू नये, पैसे मोजून जबाबदार कंपनीचे सॉफ्टवेअर घ्यावे. १९ जुलै २०२४ने त्याला उत्तर दिले. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीचे महागडे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालते. त्या दिवशी कंपनीने ग्राहकांना एक छोटी माहितीची फाइल पाठवली. कोड २१ नोंदींची अपेक्षा धरून होता, हाती २० आल्या. एकविसावी वाचायला गेलेला कोड मेमरीबाहेर गेला आणि कर्नलसकट यंत्र कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर थांबली. हे प्रमाण विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहून कमी होते. तरी मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर चेक-इन हाताने करावे लागले आणि देशात प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कित्येक यंत्रांपाशी माणसाला स्वतः जाऊन ती फाइल पुसावी लागली. तो दिवस शुक्रवार होता. नवशिक्याला हसत सांगितला जाणारा नियम एका जागतिक कंपनीने मोडला, आणि त्याची किंमत हजारो प्रवाशांनी व रुग्णालयांनी मोजली. पैसे मोजल्याने दोषी कोण हे ठरवता येते. आधार पक्का होतोच असे नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: हे विनोदच घातक आहेत. ज्याची रोज थट्टा होते त्याची सवय होते, आणि ‘सॉफ्टवेअर असेच असते’ म्हणून माणसे हात झटकतात. असे होते, हे खरे आहे. नेब्रास्काच्या माणसाचे चित्र डेस्कवर चिकटवणाऱ्या किती जणांनी आपल्या प्रकल्पातला तो ठोकळा शोधला असेल? पण यात दोष विनोदाचा नाही. विनोद हे या व्यवसायातले सर्वांत सुलभ शिक्षण आहे. हार्टब्लीड नेमके काय आहे, हे असंख्य लोकांना मन्रो यांच्याच सहा चौकटींच्या चित्रातून कळले. कनिष्ठ प्रोग्रॅमर बैठकीत वरिष्ठाला ‘आपला पाया कच्चा आहे’ असे सरळ सांगू शकत नाही. विनोदातून मात्र तो ते रोज सांगतो. पुण्या-मुंबईतले बरेच काम ग्राहकाच्या तासांवर मोजले जाते. लायब्ररीतला दोष सापडला तर आपल्यापुरती पट्टी लावण्याचे तास बिलात बसतात, ती लायब्ररी सांभाळणाऱ्याला दुरुस्ती पाठवण्याचे सहसा बसत नाहीत. निदान करणारा आणि उपचाराचा खर्च मंजूर करणारा वेगळा असेल, तर निदानाचा विनोद होणारच. ऐकणाऱ्याने आपले काम करायला हवे.

ते काम अवघड असले तरी अज्ञात नाही. पहिली गोष्ट म्हणजे यादी: आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाकोणाचा, कोणत्या व्हर्जनचा कोड आहे याची लेखी नोंद. लॉगफोरजेच्या वेळी अनेक संस्थांचे दिवसच्या दिवस दुरुस्तीत न जाता तो कोड आपल्याकडे कुठे आहे हे शोधण्यात गेले. भारताच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, ती केवळ फाइलीत राहू नयेत. दुसरी, व्हर्जन बांधून ठेवणे आणि आपली प्रत जवळ ठेवणे, म्हणजे भांडारातून कोणी पॅकेज काढले तरी बिल्ड तुटत नाही. तिसरी, अपडेट एकदम सगळीकडे न सोडता टप्प्याटप्प्याने सोडणे; क्राउडस्ट्राइकने हे नंतर स्वीकारले. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, सांभाळणाऱ्याला पैसा व सोबत देणे. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला. जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी निधी सुरू केला. बंगळुरूच्या ‘झिरोधा’ या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलर जाहीर केले. आपल्या लिपीचे आकार काढणाऱ्या लायब्ररीसाठी महाराष्ट्रातल्या कंपन्यांनी, विद्यापीठांनी, देवनागरीत छापणाऱ्या संस्थांनी काही वाटा उचलणे हा उपकार ठरणार नाही. ती आपल्या रोजच्या वापराची देखभाल आहे, आणि आजवर तिचे बिल दुसऱ्यांनी भरले आहे.

परस्परांवर विसंबणे हे सॉफ्टवेअरचे व्यंग नाही; त्याचे बळच त्यात आहे. एकाने नीट लिहिलेला कोड कोटी लोकांनी वापरावा, यासारखी उदार गोष्ट दुसऱ्या उद्योगात क्वचितच सापडेल. व्यंग आहे ते, ज्याच्यावर विसंबलो त्याचे नावही माहीत नसण्यात. म्हणून एखाद्या कंपनीच्या वरिष्ठाला आपली व्यवस्था कुठे कच्ची आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याने प्रोग्रॅमरांना ते कशावर हसतात हे विचारावे, उत्तर लिहून घ्यावे, आणि त्यातल्या प्रत्येक विनोदापुढे जबाबदार माणसाचे नाव, तारीख आणि रक्कम लिहावी.